कवळीला पॉलिश पेपर

दातांच्या दवाखान्यात सुजलेला गाल धरून बसलेल्या बाईंनी एकच ठरवलं होतं, हसायचं नाही. हसलं की कळ थेट कानात जायची. तेवढ्यात एक म्हातारा रंगारी आणि त्याची बायको शेजारच्या बाकावर येऊन बसले.

“अहो, कवळीला पॉलिश पेपर कोण मारतं?”

“सटकत होती. भिंत घासल्याशिवाय रंग तरी पकडतो का?”

“तुमचं तोंड म्हणजे भिंत आहे?”

“आयुष्यभर घासतोय मी. माझ्या हातचा एक पोपडा निघालेला दाखव.”

“निघेल कशाला? सगळं चिकटूनच बसलंय! डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या ना, कवळी गुळगुळीत असली की जंतू घसरतात. खरखरीत केली की ते खाचाखाचांत बिऱ्हाड थाटतात, मग ब्रशलाही दाद देत नाहीत.”

“बघ! म्हणजे पकड चांगली आलीय.”

“जंतूंची! नात पापा द्यायला येते आणि नाक धरून परत जाते, त्याचं काही नाही?”

“तेवढं एक चुकलं.”

“एकच?”

रंगाऱ्याने चपलेकडे बघत हळूच विचारलं,

“तुझीही सटकत होती ना गं?”

“मग?”

“काल तू अंघोळीला गेलीस, तेव्हा वाटीतच होती. म्हटलं, तिच्यावरही एक हात फिरवू.”

गाल धरलेल्या बाईंनी दुसरा गालही घट्ट धरला.

“तरीच सकाळपासून जीभ खरखरतेय माझी!”

म्हातारीने दोन-तीनदा दात वाजवून पाहिले.

“बसलीय मात्र घट्ट.”