दाढी रोज करायची

नाही मावशी, एक दिवसाआड नाही, दाढी रोजच करायची — तुमच्या आधीच्या घरी काय पद्धत होती ती असू दे, इथे रोज. सकाळी अंग पुसून झालं की लगेच. मिशी आहे तेवढीच ठेवायची, वाढू द्यायची नाही, उडवायची तर मुळीच नाही. भांग डावीकडून. ह्यांना कुठे बाहेर जायचंय एवढं, असं तुमच्या मनात आलं ना आत्ता? येऊ दे, सगळ्यांच्याच येतं. बाकीचं तुम्हाला एजन्सीने सांगितलंच असेल — नळीतून खाणं, डोकं वर करून, घाई न करता, मग थोड्या थोड्या वेळाने कूस बदलायची, टाचेखाली ही मऊ उशी, ती सारखी सरकते, तिच्याकडे लक्ष ठेवायचं. आणि बोलायचं त्यांच्याशी. काय बोलायचं? काहीही बोला. मी तर पाण्याच्या तक्रारी सांगते — माझी नोकरीच ती, दिवसभर कानाला फोन, नळ फुटला, पाणी गढूळ आलं, चौथ्या मजल्यावर चढतच नाही — आणि मी म्हणते, आपली तक्रार नोंदवून घेतली आहे. लोक शिव्या घालतात, तरी मी तेच म्हणते, त्याच आवाजात. आता घरीही तोच आवाज निघतो. तुम्ही मनावर घेऊ नका.

दुसरं म्हणजे पोरगी. शाळेतून आली की दप्तर फेकते, हात धुते — धुवायला लावायचे — आणि टॅब घेऊन ह्यांच्या खोलीत जाते. जाऊ द्यायचं. दार लोटून घेते, घेऊ द्यायचं. तुम्ही तेवढ्यात चहा करून घ्या, पाय मोकळे करा. आधीच्या मावशींना नेमकं तेवढंच जमलं नाही. बाई कामाला चोख होत्या, त्यात खोट काढणार नाही, पण एक दिवस मी कामावरून आले तर दारातच मला गाठलं — म्हणाल्या, ताई, राग मानू नका, पण तुमची मुलगी बापाला फसवते. त्यांच्या तोंडासमोर टॅब धरते आणि कुलूप उघडून घेते, माझ्या डोळ्यांनी बघितलं. आणि पुढे काही दिवसांनी त्यांनी तिला खोलीत घेणंच बंद केलं. चांगल्या मनाने केलं हो, पेशंटचे हाल नकोत म्हणून. पण मी त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. म्हणून तुम्ही आलात.

तुम्हीही तशाच बघायला लागलात. बसा, नीट सांगते, नाहीतर तुम्हीही भलतंच समजाल. आमच्या टॅबला वेळेचं कुलूप आहे — पोरीला रोज ठरलेला वेळ मिळतो, तो संपला की पडदा बंद, आणि आणखी हवा असेल तर मोठ्या माणसाने मंजूर करायचा. हे ह्यांनी बसवलं. हे लिफ्ट दुरुस्त करायचे, अडकलेली दारं उघडण्यात जन्म गेला, तर घरात ह्यांना बंद करायची हौस. आणि पोरगी बापाच्या वरताण. आधी तिने काय केलं, टॅबमधलं घड्याळच मागे नेलं — म्हणजे टॅबला वाटावं की आज अजून कालच आहे. ह्यांनी घड्याळाला कुलूप घातलं. मग तिने गेम पुसून टाकला आणि पुन्हा घेतला — नवा गेम, नवा वेळ. ते बंद केलं तर एक दिवस बघते, शाळेच्या अभ्यासाच्या ॲपमध्ये बसून व्हिडिओ बघतेय — तिथे मदत म्हणून एक पान होतं, त्या पानावरून कुठल्या कुठे वाट काढली होती कार्टीने. नंबर घातला, तर काचेवरचे बोटांचे डाग उजेडात धरून नंबर ओळखला. मला ह्यातलं काही कळत नव्हतं. जेवताना हे दोघं एकमेकांकडे बघून नुसते हसायचे, मी विचारलं काय झालं, तर दोघंही म्हणायचे, काही नाही. मला ताकास तूर लागू द्यायचे नाहीत. रागावायचे हो, टॅब काढून घ्यायचे, पण रात्री मला म्हणायचे, काय डोकं आहे पोरीचं. शेवटी ह्यांनी नंबरच काढून टाकला आणि स्वतःचा चेहरा घातला — समोर हे बसले, बघितलं, तरच मंजूर. तिला म्हणाले, आता माझं तोंड कुठून आणशील? पोरगी दोन दिवस फुरंगटून बसली होती.

माझं तोंड का नाही घातलं? विचारलं ना मी. म्हणाले, तू लगेच विरघळतेस.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ह्यांच्या डोक्यातली शीर फुटली. कामावरच, जिन्यात. ते सगळं तुम्हाला कागदांवर लिहून आलंय, ते मी सांगत बसत नाही. घरी आणलं तेव्हा डोळे उघडे होते. पोरगी तर दारातच थबकली — डोळे उघडे आहेत म्हणजे बाबा जागा आहे असं तिला वाटलं आणि ती हसली. हे छताकडे बघत होते. बघत होते म्हणजे, डोळे तिकडे होते. डॉक्टर येतात, बॅटरी मारतात, बोट फिरवतात इकडून तिकडे — डोळे काही बोटामागे जात नाहीत. डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं, फार शांतपणे सांगितलं, उघडे डोळे म्हणजे बघणारे डोळे नव्हेत. मी म्हटलं बरं. पोरगी मग त्या खोलीत पाऊल टाकेना. उंबऱ्यापर्यंत यायची, परत जायची. मी रागवले नाही. मलाच जावंसं वाटायचं नाही, तिला काय बोलू?

आणि एक दिवस आपली आपण आत गेली, टॅब घेऊन. मला वाटलं, आली धीर करून. मग रोज जायला लागली. मग म्हणायला लागली, आई, बाबाची दाढी का नाही करत आपण? बाबाचा चष्मा कुठे ठेवलास? मावशी, खरं सांगते, मला भरून आलं होतं. लोकांना सांगितलं मी, पोरगी बापाचं किती करते बघा. आणि ते सगळं कशासाठी, तर दाढी वाढली की टॅब ओळखत नाही.

नाही, चिडले नाही. चिडायला आतून काहीतरी लागतं. त्या मावशींनी सांगितल्यावर मी एक दिवस लवकर आले आणि दाराच्या फटीतून बघितलं. ती पलंगावर चढून बसलेली. त्यांची लाळ पुसली, चष्मा लावला, कानामागे नीट बसवला, मान आपल्याकडे वळवली — तुम्ही लोक वळवता ना, तशीच, हनुवटीखाली हात घालून — आणि टॅब समोर धरला. म्हणाली, "बाबा, इकडे. इकडे बघ ना." काही नाही. पुन्हा, "बाबा, मी आहे. इकडे." हात दुखायला लागला असेल, दुसऱ्या हातात घेतला. किती वेळ गेला कोण जाणे, मला काही आत जावंसं वाटेना, बाहेर पडावंसंही वाटेना. आणि मग तो उघडला. ती हळूच म्हणाली, "जमलं, बाबा." आणि त्यांना टेकून बघत बसली, पडदा मध्ये धरून, दोघांना दिसेल असा.

मी त्या टॅबच्या दुकानात गेले. विचारलं, झोपलेल्या माणसाचं तोंड धरलं तर उघडतो का हो? दुकानदार म्हणाला, नाही, झोपलेल्याचं तोंड दाखवून कुणी उघडू नये म्हणून तर सोय केली आहे — डोळे उघडे लागतात, आणि नुसते उघडे नाही, समोर बघायला लागतात. मी ते डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टर म्हणाले, यंत्र चुकतं, मुलगी पन्नासदा धरते, एखाद्या वेळी नजर योगायोगाने समोर असते. असेलही. ते शिकलेले आहेत. माझे मोठे दीर म्हणाले, कशाला त्या पोरीचे हाल करतेस, आणि नवा टॅब घेऊन आले तिच्यासाठी, बिनकुलपाचा. तो काय कपाटावर, खोक्यात. पोरीने थँक्यू काका म्हटलं आणि वर ठेवून दिला. अजून उघडलेला नाही.

दीर आज संध्याकाळी येणार आहेत, बेल वाजली तर दार उघडा. वाईट नाहीत ते. त्यांनी एक संस्था बघून ठेवली आहे, गावाबाहेर, अशाच माणसांसाठी — रात्रंदिवस नर्स आहेत, स्वच्छता आहे, आठवड्यातून एकदा भेटायला जायचं. म्हणतात, तू किती दिवस ओढशील, आणि कुणासाठी, त्याला तर कळतही नाही. डॉक्टरांचंही तेच म्हणणं. आज मला हो की नाही सांगायचंय. ह्यांना कळतं, एवढं जरी मी छातीठोक सांगितलं तरी दीर पुढे बोलायचे नाहीत, भाऊच आहेत शेवटी. पण त्यांना सांगायचं कसं, तेच मला —

काय? हं. विचारा, त्यात काय. हेच ना, एवढी हिकमती पोरगी, तिनेच काहीतरी करून ठेवलं नसेल कशावरून? बरोबर विचारलंत. दुकानदारही म्हणाला होता, आत एक बटण असतं, ते बंद केलं की बघण्याबिघण्याची गरज नाही, नुसतं तोंड पुरतं. एकदा टॅब उघडला की ते बटण काय, तिच्या हातचा मळ. मलाही तेच वाटलं. पोरीला विचारलं नाही. विचारलं असतं तर तिला कळलं असतं की मला माहीत आहे, मग ती गेलीच नसती आत.

म्हणून मी स्वतः धरून बघितला. परवा, सुट्टीच्या दिवशी, ती मैत्रिणीकडे गेली होती तेव्हा. दाढी मीच केली होती. चष्मा लावला, भांग पाडला, उजेड नीट होता. मान वळवली, टॅब समोर धरला, म्हटलं, अहो, इकडे बघा. मग म्हटलं, अरे, बघ ना — चार लोकांत अहो, पण आम्ही दोघंच असलो की मी त्यांना अरेतुरेच करते, लग्नाआधीपासून. म्हटलं, मी आहे. पन्नासदा धरला, मावशी, जास्तच धरला असेल. पोरगी परत यायची वेळ होईपर्यंत धरला. उघडला नाही. मग ती आली, हात धुतले, आत गेली, आणि थोड्या वेळाने मला बाहेर गेमचा आवाज आला.

आता तुम्हीच सांगा — बटण बंद असतं तर माझ्यासाठीही उघडला असता ना? नुसतं तोंड पुरलं असतं. तोंड तर तेच होतं.

म्हणजे ह्यांना कळतं. कोण समोर आहे ते कळतं.

हे संध्याकाळी दिरांना सांगायचंय मला.

असू दे, डोळे पुसा तुम्ही. आत जा, त्यांची कूस बदलायची वेळ झाली.