चिंच न खाता पास झालेली मनू

अगं, मला अजून धक्का पचलेला नाही. मी कोपरगावला अकरावीला मानसशास्त्र शिकवते. घरी दोन वर्षांच्या मनूला सासूबाई भरवतात. त्या परवा लग्नाला गेल्या, म्हणून मनूला वर्गात पहिल्या बाकावर बसवलं.

प्रयोग सवय कशी लागते याचा होता. मी डब्यावर चमचा वाजवला की मुलांनी चिंच चाखायची. मग चिंच न देता नुसताच चमचा वाजवला, तर सगळ्यांच्या तोंडाला पाणी! मी पुस्तकं वाचून आई झालेली, ऐटीत म्हणाले, "म्हणूनच आमच्या मनूला मोबाईल दाखवून कधीच भरवत नाहीत."

तेवढ्यात माझा फोन वाजला. बंद करायला हातात घेतला, तर मनूनं त्याच्यावर डोळे रोखून भला मोठा 'आ' केला! घास येईना, तरी तोंड मिटेना.

मागून एक पोरगी ओरडली, "मॅडम, हिला तर चिंच बी लागली न्हाई!"

गडबडीत फोन बंद व्हायच्या ऐवजी स्पीकरवर सुरू झाला. सासूबाईच होत्या.

"मनू जेवली का गं? आणि हे बघ, जेवताना तिला मोबाईल अजिबात दाखवू नकोस हं. वाईट सवय लागते!"