सहदेवकाकांचा बंब

नंदकिशोर: मी तीनदा हाक मारली, मृणालिनी. तीनदा. कुंडलिकचं मॉडेल विमान सहदेवरावांच्या मागे चालू होतं, प्रोपेलर यांच्या पोटरीपासून हातभर लांब, आणि हे आरामात मागे सरकतायत. मी धावत येऊन दंड धरला नसता तर आजची स्पर्धा तिथेच गुंडाळून टॅक्सी शोधत बसलो असतो आपण.

मृणालिनी: त्यांचं लक्ष इंजिनात होतं, नंदकिशोरदादा. इंजिन हातात असलं की त्यांना दुसरं काही दिसत नाही.

नंदकिशोर: दिसत नाही हे ठीक आहे. ऐकू येतं का?

मृणालिनी: येतं ना.

नंदकिशोर: गेल्या महिन्यात सरावालाही हेच झालं. तेव्हा तू म्हणालीस, काकांना सर्दी झालीय, कान बंद आहेत. महिनाभर टिकते का सर्दी?

मृणालिनी: हळू बोला ना जरा.

नंदकिशोर: कशाला हळू? ते चार पावलांवर बसलेत आणि मी मघापासून त्यांच्याबद्दलच बोलतोय. मान तरी वर केली का त्यांनी? सहदेवराव. अहो सहदेवराव.

मृणालिनी: काका, हे तुम्हाला बोलावतायत.

सहदेव: काय गो, कोण काय म्हणता? साहेबांचं तोंड हललेलं दिसतंय. या बाजूला या साहेब, डावीकडे. डाव्या कानात थोडं शिल्लक आहे. उजवा साफ गेला.

नंदकिशोर: गेला म्हणजे कधी?

सहदेव: तो काय एका दिवसात जातो? अठ्ठावीस वर्षं मिलच्या मेकॅनिक खात्यात काढली, लूमखात्याच्या भिंतीला लागून. तिथे सगळेच खुणांनी बोलायचे, त्यामुळे कळलंच नाही. संप झाला, मिल बंद पडली, घाटकोपरला लेथ टाकला. मग एक दिवस बायको म्हणाली, कुकरच्या बारा शिट्ट्या झाल्या, डाळीचा कोळसा झाला, तुम्ही शेजारी बसून पेपर वाचताय. तेव्हा कळलं.

नंदकिशोर: आणि मृणालिनीला हे माहीत होतं.

सहदेव: तिला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. दोन वर्षांपूर्वी आली माझ्याकडे, तुटलेला क्रँकशाफ्ट रुमालात बांधून. दुकानाच्या दारात उभी राहून बोलत होती, मी तिला सांगितलं, पुढे ये आणि तोंड दाखवून बोल. का, तिने तुम्हाला काय सांगितलं?

नंदकिशोर: सर्दी झालीय म्हणून सांगितलं.

सहदेव: सर्दी?

मृणालिनी: काका, मला वाटलं कळलं तर हे तुम्हाला पिटमध्ये, चालू विमानांजवळ, उभं राहू देणार नाहीत.

सहदेव: म्हणून माझ्यासाठी खोटं बोललीस?

मृणालिनी: तुमच्यासाठी नाही. माझ्यासाठी. तुमच्याशिवाय ते इंजिन लागत नाही कोणाच्या हातून.

सहदेव: मी कधी लपवलंय का ते? कोणी विचारलं असतं तर सांगितलं असतं. नाय गो, हे बरं नाय केलंस. कान गेला त्याची लाज नाही वाटत मला. सर्दी म्हटल्याची वाटते.

मृणालिनी: चुकलं माझं.

सहदेव: जाऊ दे. साहेब, मघाशी मागे सरकलो ती माझी चूक. कुंडलिकचं विमान चालू आहे हे मी वळून बघायला हवं होतं. आता तुम्ही बोला.

नंदकिशोर: मी काय बोलणार? सेफ्टीचा प्रश्न आहे. आज मी स्पर्धेचा प्रमुख आहे, कुणाला लागलं तर जबाबदार मी. ज्याला ऐकू येत नाही त्याला पिटमध्ये कसा उभा करू? सहदेवराव, तुम्ही मंडपात बसा. मी मार्तंडला सांगतो, तो विमान धरेल आणि सोडेल.

मृणालिनी: आणि इंजिन कोण लावेल?

नंदकिशोर: तू लाव. सगळे आपापलं लावतात.

मृणालिनी: मी चालू करू शकते. लावू शकत नाही, नंदकिशोरदादा, आणि हा फरक तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतो. तुमच्याकडे अकरा इंजिनं आहेत. तुम्हीच मला म्हणाला होतात की स्टंटचं इंजिन जोरात पळायला नको, एकसारखं पळायला हवं. वर चढताना दमायला नको, खाली येताना उधळायला नको.

नंदकिशोर: म्हणालो होतो. त्यासाठीच तर लोक परदेशी इंजिनांना जीव लावतात. माझं इटालियन बघितलंयस ना तू? कुंडलिक आज तेच उडवतोय. पण तुमचं हे इंजिन, सहदेवराव, मला खरंच समजलेलं नाही. एवढं उंच का? क्लबात सगळे त्याला बंब म्हणतात.

सहदेव: म्हणू देत. बंबासारखाच दिसतो आणि धूरही तसाच सोडतो. साहेब, तुमच्या इटालियनचा पिस्टन वरखाली किती जातो ते मी मोजलंय. माझा त्याच्या दीडपट जातो. म्हणून सिलिंडर उंच. बाकीची इंजिनं भराभरा फिरून ताकद काढतात, हे सावकाश फिरतं, पण प्रोपेलर मोठा ओढतं. क्रँकला वजन जास्त ठेवलंय, त्यामुळे विमान चढो की उतरो, याची चाल मोडत नाही. घासाघीस करून आठ महिने लागले. तीन पिस्टन फुकट गेले.

नंदकिशोर: चालतं रॉकेल, ईथर आणि एरंडेलावर.

सहदेव: डिझेल आहे ना ते. प्लग नाही, बॅटरी नाही. बोटाने प्रोपेलर मारा, डोक्यावरचा स्क्रू आवळून दाब बसवा. तो दाब किती, हीच सगळी गंमत.

नंदकिशोर: तेच तर. तो दाब आवाजावरून बसवतात. तुम्ही कशावरून बसवता?

सहदेव: बोटांवरून. पंखाच्या टोकाला दोन बोटं लावली की सगळं कळतं. चालू करू का?

नंदकिशोर: करा. मी इथे उभा राहतो. मृणालिनी, तू विमान धर, आणि काही बोलू नकोस.

(सहदेव प्रोपेलरला दोनदा बोट मारतो. इंजिन चालू होतं, जाड, संथ आवाजात. एक हात पंखाच्या टोकाला ठेवून तो मध्येच दुसरा वर करतो; थोड्या वेळाने इंधनाची नळी चिमटून इंजिन बंद करतो.)

सहदेव: काय ऐकलंत?

नंदकिशोर: आधी अडखळत होतं. तुम्ही इंधनाची सुई फिरवलीत, स्क्रू आवळलात, तेव्हा एकदम सुरेख झालं. तिथेच थांबायला हवं होतं. तुम्ही परत सुई सैल केलीत आणि ते परत थोडं अडखळायला लागलं. म्हणजे तुम्हाला कळलं नाही.

सहदेव: सुरेख कधी झालं ते सांगू? मी हात वर केला होता तेव्हा.

नंदकिशोर: हो. बरोबर तेव्हाच.

सहदेव: मग सैल केलं ते मुद्दाम. जमिनीवर सुरेख वाटलं तर वर जाऊन तापतं. हवेत विमान पुढे पळतं, प्रोपेलरवरचा भार कमी होतो, इंजिन आपसूक सुधारतं. इथे थोडं अडखळायलाच हवं. तुमच्या इटालियनलाही हेच लागू आहे, साहेब. कुंडलिकने मघाशी इथेच सुरेख करून नेलं आणि चौथ्या मिनिटाला ते धापा टाकायला लागलं.

नंदकिशोर: ते तुम्हाला कसं कळलं? तुम्ही तर ऐकलं नाहीत.

सहदेव: धूर पातळ झाला.

मृणालिनी: दादा, आता मी बोलू का? विमान सोडायच्या वेळी मी कुठे असते?

नंदकिशोर: मध्ये. वर्तुळाच्या मध्ये.

मृणालिनी: हातात हँडल, तिथून साठ फूट तारा, तारांच्या टोकाला विमान, आणि विमान धरून हेल्पर. इंजिन चालू. तिथून मी ओरडले तर मार्तंडला ऐकू येईल?

नंदकिशोर: नाही येणार.

मृणालिनी: मग सोड म्हणून कसं सांगते मी?

नंदकिशोर: हात खाली करून.

मृणालिनी: सगळे हाताकडेच बघतात. काका तर अठ्ठावीस वर्षं हातांकडेच बघत आलेत. धोका आहे तो मागून येणाऱ्याचा. मागे कोणीतरी उभं राहिलं की झालं.

नंदकिशोर: कोण उभं राहणार? तुमच्यानंतर फ्लाइट असणारे सगळे आपापल्या विमानांत डोकं घालून बसलेत.

सहदेव: साहेब, तुम्ही म्हणाल तर मी मंडपात बसतो. तुमच्याशी वाद घालायला नाही आलो मी. पण एक सांगतो. या मैदानात आज माझ्याएवढं त्या इंजिनाला ओळखणारा दुसरा नाही, आणि ते आज चुकणार नाही. हे मी फुशारकीने नाही सांगत. कामच तसं केलंय.

नंदकिशोर: सातवा नंबर आहे ना तुमचा? चला. मागे मी उभा राहतो. डावीकडे.

मृणालिनी: तुम्ही प्रमुख आहात.

नंदकिशोर: म्हणूनच. गुण मला द्यायचे नाहीत, ते जज देतील. जा तू मध्ये. आणि डोंगराकडून वारा सुटलाय, वरच्या आठाला, डोक्यावर आठचा आकडा काढताना, सांभाळ.

(विमान हवेत आहे. सहदेव आणि नंदकिशोर वर्तुळाच्या कडेला, एकमेकांना चिकटून; नंदकिशोर सहदेवच्या डाव्या कानाशी मोठ्याने बोलतोय.)

सहदेव: कसं चाललंय?

नंदकिशोर: सुधारलं. तुम्ही म्हणालात तसंच. सुटल्यावर दोन फेऱ्यांत अडखळणं गेलं.

सहदेव: मला छातीत लागतंय थोडं. बोला तुम्ही, बोलत राहा.

नंदकिशोर: तीन लूप झाले. चढताना आवाज बदलला नाही. उतरताना पण नाही. आता उलटं उडवतेय. तेच, एकसारखं. सहदेवराव, हे गुरगुरतंय. किंचाळत नाही. माझं इटालियन इथे वरच्या पट्टीत जातं.

सहदेव: चौकोन आला. कोपरे बघा.

नंदकिशोर: कोपऱ्यात दाबलं जात नाही. कसं केलंत हे?

सहदेव: सांगितलं ना, क्रँकला वजन. चौकोनच तर खरा. गोल काय कोणीही काढतो.

नंदकिशोर: आता डोक्यावर जातेय. वरचा आठ. वारा आलाय, झेंडा बघा. तारा… सहदेवराव, तारा सैल पडल्या.

सहदेव: दिसतंय.

नंदकिशोर: विमान खाली घसरतंय. मागे सरक, मृणालिनी, मागे सरक.

सहदेव: सरकली ती. आवाज? आवाज सांगा मला.

नंदकिशोर: तोच आहे. तोच आहे आवाज. तारा ताणल्या. ओढून घेतलं इंजिनाने. आठ पुरा करतेय.

सहदेव: धूर पांढरा आहे, जाड आहे. तापलं नाही. आता काही होत नाही त्याला.

नंदकिशोर: मला घाम फुटला. तुम्ही जागचे हलला नाहीत.

सहदेव: मी हलून काय करणार? वर तीच आहे, आणि ती बरोबर सरकली. चार पाकळ्यांचा क्लोव्हर राहिला फक्त.

नंदकिशोर: तो पण झाला. छान झाला. सहा मिनिटं दहा सेकंद. सातच्या आत उतरायला हवं, नाहीतर उतरण्याचे गुण जातात. हळू चालणारं इंजिन आहे, इंधन उरलं तर ते थांबणारच नाही, पंचाईत होईल.

सहदेव: सिरिंजने मोजून भरलंय. वारा किती आहे ते बघून.

नंदकिशोर: सहा वीस. अजून चालू आहे. सहा पंचवीस.

सहदेव: आता बघा.

नंदकिशोर: थांबलं.

सहदेव: पाव फेरी, अर्धी. गवत चुकव गो. हां. टेकलं.

नंदकिशोर: उडी न मारता टेकलं. सहा एकेचाळीस. तुम्ही काय घड्याळ गिळलंत का?

सहदेव: तुम्ही नसता सांगितलं तर मला आवाज बदलला नाही हे कुठून कळणार होतं? धूर सांगतो तापलं की नाही ते. पण वर डोक्यावर ते कसं गातं, हे आज पहिल्यांदा कळलं मला. तुमच्याकडून.

नंदकिशोर: मी तुम्हाला मंडपात बसवत होतो.

सहदेव: तुमचं बरोबर होतं. माझ्या मागे माणूस हवा, हे मला पण आज कळलं. यापुढे मी सांगूनच उभा राहीन.

नंदकिशोर: यापुढे म्हणजे? आता असं लिहूनच काढतो मी. ज्याला ऐकू येत नाही त्याच्या मागे क्लबचा एक माणूस. मंडपात कोणी बसणार नाही. मृणालिनी आली बघा. ये, तुला कळलं का? जजांचा हिशेब झालाय. कुंडलिकपेक्षा चौदा गुणांनी पुढे आहेस. पुढचे दोघं नवखे आहेत, ते काही तुला गाठत नाहीत.

मृणालिनी: कोणत्या जागी गुण गेले?

नंदकिशोर: वरच्या आठात, आणि कुठे जाणार? चौकोनाला सगळ्यांत जास्त मिळालेत. दिवसभरातले सगळ्यांत जास्त.

मृणालिनी: काका, ऐकलंत? चौकोनाला.

सहदेव: दिसलं मला. हात दाखव आधी. तारा सैल पडल्या तेव्हा मनगट ओढलं गेलं असेल.

मृणालिनी: काही नाही झालं. काका, खरं सांगू? रागावणार नाही ना?

सहदेव: समोर येऊन सांग.

मृणालिनी: तारा सैल पडल्या तेव्हा मला वाटलं, विमान गेलं. मग मी मागे सरकले, वारा बघितला, पुढचं वळण बघितलं. पण उतरल्यावर लक्षात आलं, सबंध फ्लाइटमध्ये मला इंजिनाची एकदासुद्धा आठवण झाली नाही. आहे की नाही तेच विसरले मी.

सहदेव: मग जमलं म्हणायचं.