मला थोडा राग आलाय

(डॉक्टरांची खोली. नवरा पलंगावर आडवा, बायको शेजारी उभी. त्याच्या छातीत बसवलेल्या यंत्राची तपासणी चालू आहे.)

नवरा : यंत्राचं राहू द्या डॉक्टर, आधी हिला दुरुस्त करा. यंत्र बसवल्यापासून ही माझ्याशी भांडतच नाही.

डॉक्टर : बाकीचे नवरे माझ्याकडे बायकोनं भांडू नये म्हणून उपाय विचारतात हो!

नवरा : ओला टॉवेल गादीवर टाकला, तरी हूं की चूं नाही. मुद्दाम टाकला होता! परवा तर मला खुर्चीत बसवलं, हातात पाणी दिलं आणि म्हणाली, ‘अहो, मला थोडा राग आलाय.’ काटा आला अंगावर!

बायको : मग काय करू? यांचे वडील सासूबाईंशी भांडता भांडताच कोसळले. ‘माझ्या तोंडानं खाल्लं त्यांना,’ म्हणत जन्म काढला बिचारीनं. मला नाही तसं जगायचं.

डॉक्टर : तोंडानं नाही हो. त्यांच्या हृदयातच जन्मापासून दोष होता, तोच यांच्यात उतरलाय. संतापानं ठोके बेलगाम होऊ शकतात, खोटं कशाला बोलू? पण त्यांना ना गोळ्या होत्या, ना हे यंत्र. ठोके बिघडले की हे आतून झटका देऊन ताळ्यावर आणतं.

नवरा : म्हणजे हिचंच काम!

बायको : बघा, थट्टा सुचतेय यांना.

डॉक्टर : असं करा, इथंच भांडा. ठोके मला पडद्यावर दिसताहेत, आणि मी आहे.

बायको : इश्श, असं ठरवून कुणी भांडतं का?

नवरा : राहू दे. तुझ्या माहेरी कुणाला धड भांडता येतं?

बायको : माहेरावर जायचं काम नाही! आणि काय हो, टॉवेल मुद्दाम टाकलात? गादी कोण वाळवतं?

डॉक्टर : ठोके झकास. चालू द्या.

बायको : आणि आधी दोनदा चक्कर आली, ती लपवलीत! शेजारणीकडून कळावं मला? मला दिसलात ते थेट बाथरूमच्या दारात पडलेले. गेला असतात, तर मी कुणावर ओरडले असते?

नवरा : अगं… रडू नकोस. चुकलं माझं.

डॉक्टर : वेग जरा वाढलाय, पण ताल नाही बिघडला. यंत्र गप्प आहे.

नवरा : ऐकलंस? गप्प त्यानं बसायचं. तू नाही.

डॉक्टर : बाहेर पेशंट खोळंबलेत. उरलेलं घरी.

बायको : उठा. बटणं नीट लावा. आणि हसू नका, माझं अजून संपलेलं नाही.