मागच्या खोलीतलं पीक

—नाही हो, वास कसला, ओल्या काडाचा आहे तो, दोन मिनिटांत नाकाला सवय होते. या ना, आत या, दार तेवढं लोटून घ्या, नाहीतर ओल उडून जाते. डोकं सांभाळा, पिशव्या खालपर्यंत टांगल्यात. हं, ही बघा धिंगरी. अळंबीच ही, पण आत्या — माझी आत्या, खोली तिचीच आहे — ती पहिल्या दिवशी काय म्हणाली माहितीये? ‘एवढी लांब जाऊन शिकलीस, आणि आता लोकांना कुत्र्याच्या छत्र्या खायला घालणार होय गं?’ आणि आता अख्खी गल्ली तिलाच छत्रीवाल्या आत्या म्हणते! मिरवते हो ती. तोडणी तिचीच, पाणी मारणं तिचंच, मला हातसुद्धा लावू देत नाही.

मी तिकडे शेतीचं शिकायला होते ना, तेव्हा जगभरची शेती डोळे फाडून बघितली — डोंगर कापून पायऱ्या केलेली, तळ्यावर तरंगणाऱ्या वाफ्यांतली, काचेच्या घरात मातीचा कणही न लावता नुसत्या पाण्यावर वाढवलेली, मेंढरांमागे वर्षभर चालणारी माणसं — आणि डोक्यात एकच किडा, की ज्याच्याकडे जमीनच नाही त्याने काय पिकवायचं? तर त्याच्याकडे भिंती आहेत ना! चार भिंती, थोडं काड, थोडं पाणी, अंधार. उद्या प्रत्येक घराच्या मागच्या खोलीत पीक उभं राहिलं तर — हसू नका, खरंच सांगते, मी रात्रंदिवस हेच बघते डोळ्यांपुढे.

ते? आत्या खोकतेय, स्वयंपाकघरात आहे. जुनाच — म्हणजे जुना नाही तसा. हवा बदलली की होतो. तुम्ही हा घोस बघा ना, केवढा आलाय!

ते पीठ नाही. पिशवीवर पांढरं दिसतंय ते ना? ते छत्रीच्या खालून झडतं, तिचं बी म्हणा. खरं तर कडा वर वळायच्या आधीच तोडायची असते, मग एवढं झडत नाही. पण आत्याचा हात धजत नाही. ‘आत्ता कुठे बाळसं धरलंय लेकराने, राहू दे की दोन दिवस.’ मी समजावते — नाही, समजावत नाही फारसं. मोठी झाली की वजन भरतं, फोटोही झकास येतो. मग ती हे सगळं पुसून काढते. कोरड्या फडक्याने. फटाफट झटकून.

अगं बाई, तुम्हाला मास्क द्यायलाच विसरले! घ्या, घाला, खोकंभर पडलेत. मी नेहमी घालते, आज तुम्ही येणार म्हणून काढला — माणसं बिचकतात हो मास्क बघून. आत्याही घालायची. मग ते पेपरवाले फोटो काढायला आले होते ना, तेव्हा मीच म्हटलं, आत्या, काढ ते फडकं तोंडावरचं, चेहरा दिसू दे की तुझा. उभ्या जन्मात तिला कुणी असं म्हटलं नव्हतं. लाजली. तेव्हापासून घालतच नाही.

असो. तुम्ही तुमच्या पिशव्या कुठे मांडणार म्हणालात? मागच्या खोलीत — बरोबर, मागचीच लागते. सासूबाई तिथेच झोपतात? मग झोपू देत की, काय बिघडतं, सगळ्यांना काही होत नाही ते.

काय होत नाही म्हणजे? काही नाही हो, बोलायच्या ओघात — बसा ना. नाही, नका बसू. आत्या मागे तिच्या धाकट्या बहिणीकडे राहून आली. तिथे एकदाही खोकली नाही. जिने चढली, नातवंडांना कडेवर घेतलं. घरी आली, या खोलीत शिरली, आणि संध्याकाळी अंगात कणकण, छातीत धाप. मी म्हटलं, प्रवासाचा शीण. दुसऱ्यांदा गेली, परत आली, तेच. तेव्हाही म्हटलं, प्रवासाचा शीण. आम्हाला कुणी हे शिकवलंच नव्हतं की — खोटं बोलतेय मी. शिकवलं होतं. परीक्षेत प्रश्नही आला होता, बंद खोलीतलं पीक आणि कामगाराची छाती. छान लिहिलं होतं मी उत्तर.

डॉक्टर? डॉक्टर चांगले आहेत. त्यांनी विचारलं होतं, घरात कबुतरं, कोंबड्या, ओल, बुरशी, असलं काही आहे का? आत्याने माझ्याकडे बघितलं. तिच्या लेखी हे पीक, बुरशी थोडीच! आणि मी म्हटलं, नाही, घर अगदी कोरडं ठणठणीत आहे. किती सहज वळली जीभ! त्यांनी औषध वाढवून दिलं, आत्या वाटेत म्हणाली, ‘तू होतीस म्हणून बरं, मला मेलीला काय सांगता आलं असतं.’

खोली बंद केली तर पुन्हा ती भिंतीला टेकून बसेल दिवसभर, कुणी विचारणार नाही — आत्यासाठी म्हणतेय असं वाटतं ना? मलाही वाटतं. रोज तसंच वाटून घेते. पण तुमच्यासारख्या इथे येतात, बघतात, आणि मी बोलू लागते तेव्हा कशा माना डोलावतात, ते मला सोडवत नाही हो.

तुम्हीच सांगता का तिला? बाहेरच्या माणसाचं ऐकते ती. दोनच वाक्यं — नको. नको, थांबा, कुठे निघालात तिच्याकडे! हे माझं मलाच सांगायला हवं, तिलाही आणि डॉक्टरांनाही, आजच. आणि न्यायला घेतलेली ती बियाण्याची पिशवी ठेवा खाली. नाही देत मी. भाव वाढवायला नाही म्हणत, देतच नाही. सासूबाईंना तिथेच झोपू द्या सुखाने. रागवा, खुशाल रागवा, गावभर सांगा वेडी आहे म्हणून. पण निघा आता. मागच्या दाराने, हो, तिकडूनच—

आत्या? अगं, थांब. टोपली ठेव खाली. आत येऊ नकोस.