अधिक आणि उणे

मन्नाएखेळ्ळीच्या बसथांब्यावर माझ्या मागच्या बाकावर पीयू, म्हणजे अकरावी-बारावीच्या कॉलेजची एक पोरगी आईवर चिडली होती.

“माय, तू सराम्होरं हात कामून जोडलीस?”

“मंग काय करू? तुला वर्गाभाईर काढले. उलट बोलायलीस म्हणले.”

“उलट न्हाई, बरोबर बोलले. अमिनो आम्ल पाण्यात गेलं की त्याचं एक टोक प्रोटॉन सोडतंय, दुसरं टोक घेतंय. एकावर उणे भार, एकावर अधिक. सर म्हणतेत, भारच नसतो.”

“सर शिकलेले हायत, भाग्यलक्ष्मी.”

“बेरीज शून्य येती, म्हणून दोन्ही भार नसतेत व्हय? पुस्तकात छापलंय. हे बघ.”

“मला कुठं वाचता येतंय?”

“खुणा तर दिसतेत?”

“हे अधिक. हे उणे.”

“व्हय.”

“सराला हे दावलीस?”

“दावले. तवाच भाईर काढले.”

“पुस्तकात असून? आन् वर मला माफी मागायला लावले?”

“माय, बस आली.”

“जाऊ दे बस. ऊठ, कॉलेजात चल. पुस्तक पिशवीत घालू नको, हातात धर.”