गुरवकाकांनी न लावलेला कौल

मंडळींनो,

तुम्ही सगळे आलात. शाळेच्या व्हरांड्यात जागा उरली नाही, म्हणून काही जण उन्हात उभे आहेत. त्यांना मी फार वेळ उभं ठेवणार नाही. तसं फार बोलता येईल असंही मला वाटत नाही. वर्गात मी न थांबता बोलते. इथं मात्र पहिलंच वाक्य सापडत नाही.

सकाळी गुरवकाकी मला म्हणाल्या, "बाई, तुमी बोला. पन कुनाला रडवू नका. काय झालं ता सांगा."

तेच करते. काय झालं ते सांगते.

गंगाराम गुरव गेले. आपले गंगारामकाका. या गावच्या देवीचे गुरव. परवाच्या नव्हे, त्याच्या आदल्या मंगळवारी, रत्नागिरीतल्या एका सरकारी कार्यालयात, बाकावर बसल्या बसल्या गेले. कधी गेले ते कोणाला कळलं नाही. ऑफिस चालू होतं. पंखा फिरत होता. माणसं येत होती, जात होती.

हे वाक्य मी रोज म्हणून बघते. ऑफिस चालू होतं आणि काका गेले होते. अजून ते खरं वाटत नाही.

मी या गावची नाही. मी रत्नागिरीत महाविद्यालयात मराठी शिकवते. मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज बघायचं कामही माझ्याकडे आहे. या गावाशी माझा संबंध आला तो सायलीमुळे. सायली इथं बसली आहे. तिला विचारूनच तिचं नाव घेते.

सायली माझी विद्यार्थिनी होती. तिनं शिष्यवृत्तीचा अर्ज वेळेत भरला होता. तो बरेच महिने रत्नागिरीच्या त्याच कार्यालयात राहिला आणि मग परत आला. उत्पन्नाचा दाखला नीट दिसत नाही, पुन्हा जोडा, असा मेसेज होता. तो गेला तिच्या आईच्या मोबाइलवर. या गावात मोबाइलला रेंज हवी तर वर सड्यावर, डोंगरावरच्या उघड्या पठारावर, जावं लागतं. आई सड्यावर गेली तेव्हा मुदत अगदी जवळ आली होती.

आई कार्यालयात गेली नाही. आई देवळात आली. तिनं काकांना कौल लावायला सांगितला.

रत्नागिरीहून आलेल्यांसाठी सांगते. देवीच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवतात. गुरव गाऱ्हाणं घालतो. कोण आलंय, कुठून आलंय, काय विचारतंय, ते देवीला सांगतो. मग सगळे वाट बघतात. उजवीकडची पाकळी पडली तर होकार. डावीकडची पडली तर नकार. पाकळी पडेपर्यंत देवळात कोणी बोलत नाही. खोकतसुद्धा नाही.

पोरीचं काम होईल का, असं आईनं विचारलं होतं. उजवी पाकळी पडली. आई निश्चिंत घरी गेली. भाताची लावणी चालू होती. लावणी उरकून रत्नागिरीला जाऊ, म्हणाली. देवीनं होय म्हटलंय, मग घाई कशाला? ती गेली तेव्हा मुदत संपली होती. संगणक आता अर्ज घेत नाही, असं तिला खिडकीतून सांगितलं. सायलीचं शिक्षण तिथं थांबलं. आज ती कपड्यांच्या दुकानात दिवसभर उभी असते.

त्यानंतर काका तिच्या आईला घेऊन माझ्याकडे आले. मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. किडकिडीत माणूस. खांद्यावर पंचा. खुर्चीच्या कडेवर बसलेले.

मी म्हटलं, "काका, मुदत संपली. आता काही करता येत नाही."

"मुदत कुनी ठरवली?"

"सरकारनं."

"आनि अर्ज परत धाडाया त्यांनी इतके म्हयने लावले, त्येला मुदत नव्हती?"

"नाही."

काका सायलीच्या आईकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे आमाला तारीख हाय. त्यांना नाय."

मंडळींनो, मी इतकी वर्षं ते अर्ज बघते. मुदतीची सूचना मीच फळ्यावर लावते. हे मला कधी खटकलं नव्हतं.

जाताना दारात थांबून ते आणखी एक बोलले. म्हणाले, "देवी चुकली नाय, बाई. मी तिला विचारलं, थयं चुकलं. ता तिच्या हातातलं नव्हतं."

पुढचं तुम्हाला माहीत आहे. सरकारी कामाचा कौल लावायचं काकांनी बंद केलं. गावात केवढी बोलाबोली झाली! गुरव माजला, असंही कोणी म्हणालं. म्हणणारे आज इथं आहेत, आणि मघाशी त्यांनीच खुर्च्या मांडल्या. नळाला पाणी कधी येईल, म्हणून विचारायला आलेल्यांना काका म्हणाले, "देवीन काय पायपलाइन टाकलीनी हाय?" बंद झालेली एसटी पुन्हा सुरू होईल का, असं एका आजोबांनी विचारलं. काका म्हणाले, "तात्यानू, देवीकडं डेपो नाय. चला, डेपोत जाऊ." आणि खरंच घेऊन गेले. देवरूखच्या डेपोत. तात्या हसताहेत बघा. हसा, तात्या. ते असते तर हसलेच असते.

एसटी सुरू झाली का? नाही झाली. नळाला पाणी आलं का? पावसाळ्यात आलं. काका काही चमत्कार करणारे नव्हते. पण गावानं प्रश्न कुठं विचारायचा, तेवढं त्यांनी बदललं.

ते कार्यालयात कसे जायचे, ते मी पाहिलं आहे. दाराबाहेर चपला काढायचे. देवळाबाहेर काढतात तशा, जोडून, भिंतीकडेला. मी एकदा म्हटलं, "काका, इथं काढायची गरज नाही." ते म्हणाले, "लादी कुनीतरी पुसलीनी हाय, बाई. माजं पाय मातीचं." मग आत जाऊन, हात जोडून, उभ्यानं बोलायचे. गाऱ्हाण्याच्याच पद्धतीनं. आमी कोन, खयल्या गावचे, काय मागताव, कदीपर्यंत होवा. तेवढंच. आवाज चढवला नाही कधी. वाईट शब्द नाही.

तिथले कारकून आधी हसायचे. एक जण म्हणाला, "काका, इथं नारळ चालत नाही हां."

"म्हनून तर आनला नाय," काका म्हणाले.

पुढं ते हसेनासे झाले. कारण काका पुन्हा पुन्हा जायचे. "वरून आलं की करतो," असं सांगितलं की विचारायचे, "वर म्हंजे खयं? पत्ता द्या, थयं जाताव." पत्ता कोणी दिला नाही.

या वर्षी गावातल्या मुलींचे अर्ज वेळेत गेले. काकांनी एकेकीला सड्यावर पिटाळून मेसेज बघायला लावले. अर्जात चूक नाही. दाखला अस्पष्ट नाही. तरीही अर्ज पडून आहेत. मंजूर नाहीत. नामंजूर नाहीत. आणि परीक्षेचे अर्ज भरायची मुदत येत्या शुक्रवारी संपते. फी भरल्याशिवाय महाविद्यालय परीक्षेचा अर्ज घेत नाही. होय, माझंच महाविद्यालय. मी प्राचार्यांशी भांडले. ते म्हणाले, शिष्यवृत्ती अमुक तारखेला मंजूर करतो एवढं कार्यालयानं लेखी द्यावं, मी सगळ्या मुलींचे अर्ज घेतो.

म्हणजे एक तारीख हवी होती. लेखी. बाकी काही नको होतं.

त्या मंगळवारी सकाळी सड्यावरून काकांचा फोन आला. "बाई, आज एकटाच जाताव. पोरींचं प्रॅक्टिकल हाय."

मी म्हटलं, "परवा माझे तास नाहीत. परवा मी येते बरोबर."

"तुमी शिकवा. मी तारीख घेवन येताव."

बाजारातून मीठ घेऊन येतो म्हणावं, तसं म्हणाले.

कार्यालयात साहेब होते. त्यांनी काकांचं ऐकून घेतलं. म्हणाले, "बसा. मीटिंग झाली की बघतो." काका बसले. मीटिंग लांबली. जेवणाची सुट्टी झाली. काका बसले होते. सुट्टी संपली. काका बसले होते.

तिथला शिपाई मला नंतर येऊन भेटला. म्हणाला, "बाई, मी फायली घेऊन त्यांच्या पुढूनच जात होतो. मान खाली होती. म्हटलं म्हातारा माणूस, डोळा लागला असेल. म्हणून उठवलं नाही. चांगल्यासाठीच उठवलं नाही हो."

संध्याकाळी साहेब दुसऱ्या दारानं गेले. कारकून गेले. बाकाकडे न बघताच शिपायानं दिवे मालवले. दार ओढून घेतलं. कुलूप लावायला वाकला, आणि त्याला भिंतीकडेला चपला दिसल्या. जोडून ठेवलेल्या.

मंडळींनो, चपला नसत्या तर?

मी हा प्रश्न कोणाला विचारू?

मी पोचले तेव्हा त्यांना खाली लादीवर निजवलं होतं. लादी स्वच्छ होती. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, दुपारीच कधीतरी. कदाचित वेळेवर कळलं असतं तरी उपयोग झाला नसता, असंही म्हणाले. मी ते मान्य करते. त्यांना कोणी मारलं, असं मी म्हणत नाही. मी एवढंच म्हणते की एक माणूस उत्तराची वाट बघत बसला होता, आणि वाट बघणं आपल्याकडे इतकं सवयीचं झालंय की त्यात माणूस मेला तरी फरक दिसला नाही.

परवा या गावातले दोन बाप काकांच्या घरी आले. मी तिथं होते. काकांच्या जागी आता दुसरं कोणी कौल लावेल का, शुक्रवारपर्यंत पोरींचं होईल का, ते देवीला विचारायचं होतं. मला त्यांचा राग आला नाही. माणसं घाबरली की ओळखीच्या दाराशी जातात.

काकी उंबऱ्यात बसल्या होत्या. म्हणाल्या, "आमाला सुतक हाय, देऊळ आमच्याकडं नाय. आनि सुतक नसतां तरी लावला नसता. देवीकडं शिक्का नाय, बाबानू. ज्येच्याकडं हाय, त्येला विचारा."

साहेब, तुम्ही आज इथं आला आहात. तिसऱ्या रांगेत बसला आहात. हातात हार आहे. लोकांनी वळून बघू नये. साहेबांना इथं येणं सोपं गेलं नसेल. बोलवलं नव्हतं, तरी आले. याची मी नोंद घेते. मनापासून घेते.

मघाशी तुम्ही मला विचारलंत, "मीही दोन शब्द बोलू का?" मी म्हटलं, "माझं झाल्यावर सांगते." आता सांगते. साहेब, दोन शब्द नकोत. काका चांगले होते हे इथं सगळ्यांना माहीत आहे. हळहळ नको. चौकशी करतो, असंही नको. काका जे घ्यायला आले होते, तेवढंच द्या.

मला गाऱ्हाणं घालता येत नाही. मी गुरव नाही. तरी त्यांच्या पद्धतीनं, उभी राहून, एकदा बोलते.

साहेब, आम्ही या गावची माणसं, आणि या मुलींची बाई. आमच्या मुलींनी तुमची तारीख पाळली आहे. तुम्ही आम्हाला तुमची तारीख सांगा. शुक्रवारच्या आत, लेखी सांगा. आमच्यातला एक माणूस ती मागायला आला होता. तुम्ही त्याला बसा म्हणालात. तो बसला. आता आम्ही उभे आहोत.

मंडळींनो, गाऱ्हाणं संपलं की आपण सगळे एका आवाजात "होय महाराजा" म्हणतो. आज म्हणू नका. होय म्हणायचं काम आज आपलं नाही.

आता सगळ्यांनी उभं राहू. काकांसाठी शांत राहू. किती वेळ, ते मी सांगत नाही, घड्याळ बघणार नाही. पाकळी पडेपर्यंत आपण देवळात जसे उभे राहतो, तसे उभे राहू.

साहेब, तुम्हीही उभे राहा. आणि जेव्हा बोलावंसं वाटेल, तेव्हा ही शांतता तुम्हीच मोडा.

गंगारामकाका, नमस्कार.